झोप, मेंदूचे उद्दीपन आणि नैराश्यावरील उपचार

झाशी : तीव्र नैराश्य हा मेंदूच्या कार्याशी निगडित असा आजार असून त्याचा झोपेशी अत्यंत निकटचा संबंध आहे. झोप न लागणे, पहाटे दोन-तीन वाजता जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, किंवा दिवसभर झोपूनही थकवा न जाणे ही नैराश्याची सर्वांत आधी जाणवणारी लक्षणे होत. त्यामुळेच झोपेच्या काळात मेंदूला विद्युत, चुंबकीय किंवा ध्वनीच्या साहाय्याने सौम्य चालना देऊन हा आजार बरा करता येईल काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत संशोधकांपुढे आला. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. मात्र मेंदूच्या उद्दीपनाचे अन्य काही उपचार सिद्ध झाले असून ते भारतातही दिले जातात. सिद्ध उपचार कोणता आणि प्रयोगावस्थेतील कोणता, हा भेद रुग्ण व नातेवाइकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. झाशीसारख्या, मोठ्या महानगरांपासून दूर असलेल्या शहरातील कुटुंबांच्या बाबतीत तर ही माहिती खर्च, प्रवास आणि वेळ या तिन्ही दृष्टींनी महत्त्वाची ठरते.

आजाराची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात २८ कोटींहून अधिक लोक नैराश्याने ग्रस्त आहेत. भारतात २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण करण्यात आले. बंगळुरू येथील निम्हान्स, म्हणजेच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशासह १२ राज्यांत केलेल्या या पाहणीत, दर २० प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झाल्याचे आढळले. चिंताविकार व नैराश्य यांसारख्या सर्वसाधारण मानसिक आजारांच्या बहुसंख्य रुग्णांना कोणताही उपचार मिळत नसल्याचेही या पाहणीतून स्पष्ट झाले.

उपचार सुरू झाल्यावरही सर्वांना सारखाच गुण येत नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासात, पहिल्या औषधाने लक्षणे पूर्णपणे दूर झालेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. दोन किंवा अधिक औषधे योग्य मात्रेत व पुरेसा काळ घेऊनही गुण न आल्यास त्या स्थितीला ‘उपचारांना दाद न देणारे नैराश्य’ असे म्हटले जाते. मेंदूच्या उद्दीपनाचा विचार प्रामुख्याने अशा रुग्णांसाठी केला जातो.

झोपेचे स्वरूप आणि नैराश्य

निरोगी माणसाची झोप एकसारखी नसते. सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांत ती उथळ झोप, गाढ झोप आणि स्वप्ननिद्रा अशा टप्प्यांतून जाते. गाढ झोपेत मेंदूच्या विद्युत आलेखावर मोठ्या व संथ लहरी उमटतात. त्यांना मंद लहरी म्हणतात. स्वप्ननिद्रेत डोळ्यांची बुबुळे पापण्यांआड वेगाने हलतात आणि मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच सक्रिय असतो. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘रेम’ निद्रा म्हणून ओळखली जाते.

तीव्र नैराश्यात ही रचना विस्कळित होते. झोप लागल्यानंतर स्वप्ननिद्रा नेहमीपेक्षा लवकर सुरू होते, तिच्यातील बुबुळांची हालचाल वाढते आणि रात्रीच्या पूर्वार्धातील गाढ झोप घटते. नैराश्यावरील बहुतेक औषधे स्वप्ननिद्रेचे प्रमाण कमी करतात, हेही आढळून आले आहे. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्या व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असतो. म्हणजेच झोप बिघडणे हे आजाराचे लक्षण असते, तसेच ते आजाराला निमंत्रणही ठरू शकते.

जागरणाचा अनपेक्षित परिणाम

झोप आणि नैराश्य यांचे नाते सरळ नाही, हे एका जुन्या निरीक्षणावरून लक्षात येते. बुर्कहार्ड प्फ्लुग व रायनर ट्योल्ले या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी १९७१ मध्ये असे नोंदवले, की नैराश्याच्या काही रुग्णांना रात्रभर जागे ठेवल्यास दुसऱ्या दिवशी त्यांची मनःस्थिती लक्षणीयरीत्या सुधारते. त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांत सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये असा परिणाम दिसला. औषधांना गुण येण्यास काही आठवडे लागतात, हे पाहता एका रात्रीत होणारा हा बदल विलक्षण होता. परंतु पुढच्या रात्री झोप झाल्यावर बहुतेकांची लक्षणे परत येत. हा लाभ टिकवण्यासाठी इटलीतील मिलान येथे जागरणाच्या जोडीला लिथियम हे औषध आणि सकाळचा तीव्र प्रकाश यांचा वापर करण्यात आला.

हा उपचार घरी करून पाहण्याजोगा नाही. ज्यांना उन्माद व नैराश्य यांचे आलटून पालटून झटके येतात, अशा द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांमध्ये जागरणामुळे उन्मादाचा झटका उद्भवू शकतो. अपस्माराच्या रुग्णांमध्ये आकडी येण्याचा धोका वाढतो.

विद्युतनिद्रेचा इतिहास

विजेच्या साहाय्याने झोप आणण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समधील स्तेफान लेद्युक यांनी प्राण्यांच्या मेंदूतून विद्युतप्रवाह सोडून त्यांना गुंगी आणण्याचे प्रयोग केले. पुढे सोव्हिएत संघात वसिली गिल्यारोव्स्की यांनी ‘विद्युतनिद्रा’ ही उपचारपद्धती विकसित केली आणि १९५३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या पद्धतीत रुग्णाच्या मिटलेल्या पापण्यांवर आणि डोक्याच्या मागील बाजूस विद्युतपट्ट्या ठेवून अत्यंत सौम्य प्रवाह दिला जाई. निद्रानाश, चिंता, नैराश्य अशा अनेक तक्रारींसाठी ही पद्धत पूर्व युरोपात लोकप्रिय झाली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे १९६६ मध्ये या विषयावर पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला.

कालांतराने एक गोष्ट लक्षात आली. या प्रवाहामुळे प्रत्यक्षात झोप येतेच असे नाही. अनेक रुग्ण उपचाराच्या काळात जागेच असत. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत ‘विद्युतनिद्रा’ हे नाव मागे पडून ‘कर्पर विद्युत-उद्दीपन’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले. कानाच्या पाळीला चिमटे लावून वापरण्याची लहान उपकरणे याच परंपरेतील होत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये या उपकरणांबाबत अंतिम आदेश काढला. चिंता व निद्रानाशासाठीची उपकरणे मध्यम जोखमीच्या वर्गात ठेवण्यात आली. नैराश्यासाठीची उपकरणे मात्र सर्वाधिक जोखमीच्या वर्गात ठेवून, विक्रीपूर्वी परिणामकारकता व सुरक्षितता यांचा स्वतंत्र पुरावा सादर करणे उत्पादकांना बंधनकारक करण्यात आले. नैराश्यावर या उपकरणांचा उपयोग होतो, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा उपलब्ध नाही, हा या निर्णयाचा आशय होता.

प्रत्यक्ष झोपेतील प्रयोग

झोपलेल्या माणसाच्या मेंदूला चालना देण्याचे आधुनिक संशोधन वेगळ्या दिशेने सुरू झाले. जर्मनीतील ल्यूबेक विद्यापीठाच्या लिसा मार्शल, यान बॉर्न व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांना झोप लागल्यानंतर, त्यांच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या पट्ट्यांतून सेकंदाला सुमारे पाऊण वेळा चढउतार होणारा सौम्य प्रवाह देण्यात आला. गाढ झोपेतील संथ लहरींची नैसर्गिक लय हीच असते. या प्रवाहामुळे संथ लहरी वाढल्या आणि झोपेपूर्वी पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी अधिक चांगल्या आठवल्या. त्यानंतर अन्य ठिकाणी झालेल्या तशाच प्रयोगांचे निष्कर्ष मात्र संमिश्र होते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जुलिओ तोनोनी यांच्या गटाने २००७ मध्ये असे दाखवले, की झोपलेल्या व्यक्तीच्या डोक्यावर चुंबकीय स्पंद दिल्यास प्रत्येक स्पंदागणिक एक संथ लहर निर्माण करता येते. २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी विजेऐवजी ध्वनीचा वापर केला. मेंदूच्या आलेखावर संथ लहर वर येत असतानाच नेमक्या क्षणी हलका आवाज ऐकवल्यास पुढील लहरी अधिक जोमदार होतात, असे त्यांना आढळले.

नैराश्याच्या रुग्णांबाबत संथ लहरी वाढवणे हितकर की कमी करणे, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. तोनोनी व चिआरा चिरेल्ली यांच्या २००३ मधील सिद्धांतानुसार, दिवसभरात मेंदूतील पेशींच्या जोडण्या बळकट होत जातात आणि गाढ झोप त्यांना पुन्हा समतोलावर आणते. नैराश्यात गाढ झोप घटलेली असते, त्यामुळे ती वाढवावी असे एक मत आहे. उलटपक्षी, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, नैराश्याच्या रुग्णांच्या संथ लहरी एका रात्रीपुरत्या आवाजाच्या साहाय्याने दडपल्या असता त्यांची लक्षणे कमी झाली होती. जागरणाच्या परिणामाशी हे निरीक्षण जुळते.

जर्मनीतील फ्रायबर्ग येथील संशोधकांनी २०१६ मध्ये आणखी एक बाब पुढे आणली. झोपण्यापूर्वी मेंदूच्या पुढील भागाला विशिष्ट दिशेने सौम्य प्रवाह दिल्यास निरोगी व्यक्तींची एकूण झोप कमी झाली. पट्ट्या कोठे लावल्या, प्रवाह कोणत्या दिशेने व कोणत्या वेळी दिला, यानुसार परिणाम उलटाही होऊ शकतो, हा त्यातून मिळणारा धडा आहे. या सर्व कारणांमुळे झोपेतील उद्दीपन हा तीव्र नैराश्यावरील प्रस्थापित उपचार मानला जात नाही. तो संशोधनाचा विषय आहे.

सिद्ध झालेले उपचार

विद्युत झटका उपचार, अर्थात ईसीटी, हा मेंदूच्या उद्दीपनाचा सर्वांत जुना व तीव्र नैराश्यात सर्वाधिक परिणामकारक मानला जाणारा उपचार आहे. इटलीतील उगो चेर्लेत्ती व लुचिओ बिनी यांनी १९३८ मध्ये रोम येथे तो प्रथम दिला. भारतात रांचीजवळील कांके येथील केंद्रीय मनोविकार संस्थेत तो १९४३ पासून दिला जाऊ लागला. चित्रपटांमुळे या उपचाराविषयी जनमानसात मोठी भीती आहे. आजच्या पद्धतीत रुग्णाला काही मिनिटांची भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते. त्यानंतर काही सेकंदांचा प्रवाह देऊन मेंदूत नियंत्रित आकडी निर्माण केली जाते. ती साधारणपणे मिनिटभरात थांबते. रुग्णाला वेदना होत नाहीत. आठवड्यातून दोन ते तीन वेळा, अशा एकूण ६ ते १२ खेपा दिल्या जातात. उपचाराच्या काळातील काही घटनांचे विस्मरण होणे हा मुख्य दुष्परिणाम आहे. अन्नपाणी सोडलेला, भ्रमाने ग्रासलेला किंवा जिवाला तातडीचा धोका असलेला रुग्ण असेल, तर हा उपचार प्राण वाचवणारा ठरतो.

या उपचारातील भूल म्हणजे झोप नव्हे. भुलेमुळे लाभ होत नसून मेंदूतील नियंत्रित आकडीमुळे होतो. ‘झोपवून शॉक देतात’ या बोलण्यातील वर्णनामुळे अनेक कुटुंबांचा याबाबत गैरसमज होतो.

दुसरा उपचार म्हणजे चुंबकीय उद्दीपन, अर्थात आरटीएमएस. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये या तंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले. अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्ण जागा असतो, भूल द्यावी लागत नाही व आकडी निर्माण केली जात नाही. डोक्याच्या डाव्या पुढील भागावर वेटोळे ठेवून चुंबकीय स्पंद दिले जातात. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे असा हा क्रम असतो. पूर्वी एका खेपेस सुमारे ३७ मिनिटे लागत. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अवघ्या तीन मिनिटांची नवी पद्धत जुन्या पद्धतीच्या तोडीची असल्याचे दिसले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिवसाला दहा खेपा याप्रमाणे पाच दिवसांत उपचार पूर्ण करण्याची पद्धत विकसित केली असून तिला सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या चाचणीत सुमारे ७९ टक्के रुग्णांची लक्षणे उपचारानंतरच्या चार आठवड्यांत कधीतरी दूर झाली. लटका उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. मात्र त्या चाचणीत एकूण रुग्ण २९ होते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. डोक्यात धातूचे उपकरण बसवलेले रुग्ण आणि अपस्माराचे रुग्ण यांच्याबाबत या उपचारात विशेष खबरदारी घ्यावी लागते.

तिसरा प्रकार सौम्य एकदिश विद्युतप्रवाहाचा, म्हणजे टीडीसीएसचा आहे. यात साधारणतः दोन मिलीअँपिअर इतकाच प्रवाह दिला जातो. याचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. जर्मनीत औषधे सुरू असलेल्या रुग्णांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लटक्या उपचारापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, घरच्या घरी देखरेखीखाली केलेल्या चाचणीत मात्र लाभ दिसून आला. निम्हान्समध्येही या तंत्रावर संशोधन झाले आहे.

कायद्यातील तरतुदी

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विद्युत झटका उपचार करण्यास या कायद्याने मनाई केली आहे. अल्पवयीन रुग्णांना हा उपचार द्यायचा असल्यास पालकांची माहितीपूर्ण संमती आणि संबंधित मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. उपचाराची माहिती समजून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती, असे या कायद्यानुसार गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवण्याचे कर्तव्य शासनावर सोपवण्यात आले आहे. त्यामुळे शिक्षेच्या भीतीपोटी कुटुंबाने अशी घटना लपवून उपचार टाळण्याचे कारण उरलेले नाही.

झाशी व परिसरातील स्थिती

नेवाळकर घराण्याच्या सुभेदारीपासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेले झाशी हे बुंदेलखंडातील प्रमुख शहर आहे. राणी लक्ष्मीबाईंचे नाव असलेले येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६८ मध्ये स्थापन झाले. शहर राज्याच्या सीमेवर असल्याने शेजारच्या मध्य प्रदेशातील दतिया, निवाडी, टीकमगढ या जिल्ह्यांतील रुग्णही उपचारांसाठी येथे येतात. वारंवार पडणारा दुष्काळ, शेतीवरील कर्ज आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर यांमुळे या भागातील कुटुंबांवर मोठा ताण असतो. मे व जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीही उष्मा कमी होत नाही. अशा दिवसांत अनेकांची झोप मोडते. उन्हाळ्यातील अपुरी झोप म्हणजे आजार नव्हे. मात्र त्याबरोबर दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कामातील रस नाहीसा होणे, भूक मंदावणे किंवा जगणे निरर्थक वाटणे अशी लक्षणे असतील, तर ऋतूला दोष देऊन स्वस्थ बसणे धोक्याचे ठरते.

मानसिक आजारांसाठीची जुनी व मोठी रुग्णालये झाशीबाहेर आहेत. सुमारे १०० किलोमीटरवरील ग्वाल्हेर येथे मानसिक आरोग्यशाळा आहे. आग्रा येथील मानसिक आरोग्य संस्थेची स्थापना १८५९ मधील आहे. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी मनोविकारतज्ज्ञ आहेत. अशा स्थितीत, रोज महिनाभर यावे लागणारा चुंबकीय उपचार घेण्यासाठी दुसऱ्या शहरात राहणे हे शेतमजूर किंवा लहान दुकानदाराच्या कुटुंबाला सहज शक्य नसते. कमी दिवसांत पूर्ण होणाऱ्या नव्या पद्धतींचे महत्त्व या दृष्टीने अधिक आहे. अर्थात त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री परवडणाऱ्या दरात शासकीय रुग्णालयांत पोहोचणे ही पूर्वअट आहे.

रुग्ण व नातेवाइकांनी लक्षात घेण्याच्या बाबी

नैराश्यावरील उपचाराची पहिली पायरी निदान ही आहे. थायरॉईडचे विकार, रक्तक्षय, मद्यपान आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणे दिसू शकतात. त्यांची तपासणी आधी करून घ्यावी. सौम्य व मध्यम स्वरूपाच्या आजारात समुपदेशन, मानसोपचार आणि औषधे यांनी बहुसंख्य रुग्णांना लाभ होतो. निद्रानाशासाठी विचार व वर्तनाच्या सवयी बदलण्यावर आधारलेला मानसोपचार हा प्रथम पसंतीचा उपचार मानला जातो. उठण्याची वेळ निश्चित ठेवणे, दिवसा झोपणे टाळणे आणि झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे ही त्याची मुख्य सूत्रे होत.

‘झोपेत नैराश्य बरे करणारे यंत्र’ अशी जाहिरात आढळल्यास चालू औषधे बंद करून त्यावर विसंबू नये. ते यंत्र कोणत्या आजारासाठी मान्यताप्राप्त आहे, त्याची तुलना लटक्या उपचाराशी झाली आहे काय आणि ते मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचे आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. औषधे एकाएकी थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. विद्युत झटका उपचाराचा सल्ला मिळाल्यास केवळ भीतीपोटी नकार देण्याऐवजी भूलतज्ज्ञ उपलब्ध आहे काय, खेपा किती लागतील व स्मरणशक्तीवर काय परिणाम होईल, याची डॉक्टरांकडून सविस्तर माहिती घ्यावी.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांत चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो आणि गरजेनुसार जवळच्या शासकीय केंद्राकडे पाठवले जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांतही तपासणीची सोय करण्यात येते. स्वतःच्या जिवाला अपाय करण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे हे कुटुंबीयांचे आद्य कर्तव्य आहे.